गरमागरम अत्याचार

जेवणाच्या बाबतीत मी कट्टर गरमागरम पंथाचा. पुरी कढईतून थेट पानात, भजी झाऱ्यावरून थेट बशीत आणि फुलका तव्यावरून थेट तोंडात, असं माझं वर्षानुवर्षांचं ठाम मत होतं. असं मत बाळगायला कष्ट काहीच पडत नाहीत. कारण मत बाहेर टेबलापाशी असतं आणि तवा आत असतो. गेल्या दिवाळीत मात्र हे मत एका रात्रीत उतरलं. कारण झाली इटली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आमचा कॉलेजचा कंपू आमच्याकडे जमतो. चार दिवस चकल्या खाऊन सगळ्यांच्या दाढा कुरकुरत असतात. म्हणून मी जाहीर केलं, "यंदा माझ्या हातचा पास्ता!" ही फक्त "बरं" म्हणाली. तीस वर्षांच्या संसारानंतर तरी त्या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

इटालियन शास्त्र तसं सोपं. माणशी शंभर ग्रॅम स्पॅगेटी, शंभर ग्रॅमला लिटरभर पाणी आणि लिटरला दहा ग्रॅम मीठ. म्हणजे बारा जणांना बारा लिटर पाणी! तेवढं मोठं पातेलं माळ्यावरून काढलं, शेगडीवर चढवलं, तर पाऊण तास झाला तरी त्याला उकळी फुटेना. मंडळींना वेळ दिली होती साडेसातची. इटालियन माणूस पास्त्यासाठी ताटकळेल, पण पास्त्याला ताटकळत ठेवणार नाही. आमच्या कंपूचे साडेसात पावणेनऊला वाजले. तोवर शिजून बसलेल्या स्पॅगेटीच्या सुरीने वड्या पाडता आल्या असत्या.

मग उरलेली दोन-दोन माणसांच्या घाण्याने करायची ठरली. मी आत पातेल्याशी, ही ताटल्यांची ने-आण करतेय आणि बाहेर हास्याचे फवारे. आमच्यातला एक जण दरवर्षी आमच्या गणिताच्या सरांची नक्कल करतो. ती सुरू झाल्याचं मला टाळ्यांवरून कळलं. दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, "अरे, तूही बस ना आता!" ओरडणारा स्वतः मात्र हलत नसे. अकराला मी माझी ताटली घेऊन टेकलो. पास्ता गार. पाहुणे बडीशेपेवर. ही जवळ आली आणि शांतपणे म्हणाली, "गरम वाढू?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. लहानपणीचा दसरा आठवला. आई पुऱ्या तळतेय, आम्ही भावंडं पैजा लावून खातोय, वडील "अजून एक गरम येऊ दे" म्हणतायत. सगळं लख्ख आठवलं. फक्त आई कधी जेवली ते आठवेना. जेवली असणारच.

म्हणून आता स्पष्ट बोलतो. हे 'गरमागरम' प्रकरण म्हणजे खवय्येगिरी नव्हे. बारा जणांनी बसावं म्हणून तेराव्याला उभं ठेवण्याची ती व्यवस्था आहे. त्या तेराव्याला आपण 'अन्नपूर्णा' ही पदवी दिली आणि खुर्ची काढून घेतली. कुणी म्हणतं, "वाढण्यातही एक आनंद असतो हो!" असेल ना. पण मग तो आनंद वर्षानुवर्षं एकाच व्यक्तीने का लुटावा? थोडा आम्हाला नको? आणि "गार पुरीला ती सर नाही" हेही कबूल. फक्त गार पुरी रोज कोण खातं, हे एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावं.

यावर उपायही मला इटलीतच सापडला. बोलोन्या शहरासारखी कर्मठ माणसं आपल्याकडेही विरळा. शिजलेल्या तालियातेल्लेची पट्टी किती रुंद असावी, तर आठ मिलिमीटर, हे त्यांनी 1972 साली तिथल्या व्यापार मंडळात रीतसर नोंदवलं आणि मापाला सोन्याची पट्टी करून ठेवली. 1982 साली खिम्याच्या रागूची कृतीसुद्धा तिथेच नोंदवली. पण हीच सोवळी मंडळी रविवारी, सणासुदीला लझानिया करतात. सकाळी रागू दोन-तीन तास मंद आचेवर रटरटू द्यायचा. मग आपल्या सातकप्प्याच्या घावनासारखे थर लावायचे: पास्त्याची पाती, रागू, दूध-मैद्याचा पांढरा सॉस, चीज, पुन्हा पाती. की दिला ट्रे ओव्हनमध्ये ढकलून! आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं त्याला हात लावायचा नाही. वड्या नीट पडाव्यात म्हणून. उशिरा येणाऱ्या मित्रांसाठी याहून समजूतदार पदार्थ जगात नसेल.

एकतीस डिसेंबरला तोच कंपू पुन्हा बोलावला. एक ट्रे खिम्याचा, एक शाकाहाऱ्यांसाठी पालक-मशरूमचा. पावणेनऊला सगळे उगवले, नऊला सगळे बसले. सगळे म्हणजे सगळे. लझानिया वाफाळता नव्हता, कोमट होता. एकाने कुरकुर केली. त्याला मी ओव्हनची जागा दाखवली. तो उठला नाही.

मग नेहमीची नक्कल सुरू झाली. सरांनी खडू शोधला, चष्मा शोधला, तो कपाळावरच सापडला, आणि शेजारी बसलेली ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मी म्हटलं, "अगं, तीस वर्षं हेच तर करतोय तो!"

"हो," ती डोळे पुसत म्हणाली, "पण आतून नुसतं ऐकू यायचं. चष्म्याचं मला आज कळलं."