देज कोण फेडतं?



या उन्हाळ्यात अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावर लग्नाला गेले होते. भटजी नाही, हुंडा नाही, मानपानाचे रुसवेफुगवे नाहीत. बाया एकमेकींच्या कमरेला हात गुंफून ओळीने नाचत होत्या, गाण्यातून व्याह्यांची टिंगल करत होत्या. मध्येच डीजेची गाडी आली आणि ढोलवाले बिडी ओढत बाजूला बसले. मला वाईट वाटलं. ही गाणी कुणीतरी लिहून घ्यायला हवीत, असं शेजारच्या बाईला म्हटलं. ती म्हणाली, "घ्या ना लिहून. पण हिचं देज फिटायला किती हंगाम लागतील, तेही लिहा."

देज म्हणजे मुलाकडच्यांनी मुलीच्या बापाला द्यायची रक्कम. पंच बसून ती ठरवतात. आपले सुशिक्षित लोक याला 'मुलगी विकणं' म्हणून नाक मुरडतात. 1961 चा हुंडाबंदी कायदा होऊनही लेकीसोबत गाडी नि सोनं पाठवणाऱ्यांनी नाक मुरडावं, हे विशेषच! देजामागची समज निराळी आहे. मुलगी ओझं नाही, कमावती आहे. ती गेली की बापाच्या घरातले दोन हात जातात. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांत बाईला नवरा सोडता येतो, दुसरं घर करता येतं, विधवेलाही. पांढरपेशा घरांतल्या बायकांना यासाठी किती झगडावं लागलं, ते आपण जाणतोच.

पण देजाचा पैसा आणायचा कुठून? बऱ्याचदा ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल घेऊन. तोडीला नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. म्हणजे नवी नवरी नवऱ्यासोबत गुजरातच्या फडात उतरते आणि स्वतःचं देज स्वतःच फेडते. मारहाणीला कंटाळून ती माहेरी आली, की पंच बापाला विचारतात, देज परत करणार का? अशा एका बैठकीला मी होते. पुरुष झाडाखाली बसलेले, ती पोर कडेवर घेऊन मागे उभी. तिला कुणी काही विचारलंच नाही. नवरा सोडायची मुभा होती, पण बापाकडे रक्कम नव्हती. ती परत गेली.

चीनमध्येही मुलाने मुलीच्या घरी रक्कम द्यायची रीत आहे. 1950 च्या विवाह कायद्याने लग्नाच्या निमित्ताने पैसे उकळायला बंदी केली, तरी रीत गेली नाही, उलट रकमा फुगल्या. अखेर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1 फेब्रुवारी 2024 पासून नियम लागू केले: रक्कम परत मागताना दोघं किती काळ एकत्र राहिली, मूलबाळ झालं का, हे पाहायचं.

आपल्याकडे 1955 चा हिंदू विवाह कायदा आणि 1956 चा वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाहीत. तिथे रूढी हाच कायदा. देज बापाला, जमीन भावाला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात मुलीच्या वारसांना जमिनीत समान वाटा दिला खरा. पण पाड्यावरचा निवाडा अजून झाडाखालीच होतो. तिथे बाई बसली पाहिजे, आणि तिने किती हंगाम ऊस तोडला, हे देजातून आधी वजा झालं पाहिजे.

त्या लग्नातली गाणी पुढच्या अंकात छापू. हिशेबाला बसायचं त्या बाईने कबूल केलं आहे. सध्या तिची टोळी तोडीवर गेली आहे.