निदान

मराठीत ‘निदान’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक आपल्या व्यवसायातला, म्हणजे रोग ओळखणे. दुसरा घरोघरी बोलला जाणारा, म्हणजे ‘कमीत कमी’, ‘एवढे तरी’. रुग्णालयात हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदताना दिसतात. डॉक्टर पहिले निदान करून पुढच्या खाटेकडे वळतात आणि भेटीस आलेले आप्तेष्ट दुसरे निदान सांगू लागतात. ‘निदान जीव तरी वाचला.’ ‘निदान डावाच हात गेला.’ ‘निदान मुले तरी हाताशी आली आहेत.’ बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. हाच गृहस्थ जिना उतरताना मनोमन हात जोडतो आणि म्हणतो, ‘देवा, आमच्यावर ही वेळ आणली नाहीस, तुझे उपकार!’ दुसऱ्याचे दुःख पाहून मनात उमटणाऱ्या या कृतज्ञतेविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

ही कृतज्ञता खोटी असते असे मी म्हणणार नाही. आरोग्य हे असे धन आहे, की जवळ असताना ते जाणवत नाही. दोन पायांवर चालणाऱ्यास पायांचे भान नसते. कुबड्या टेकीत जाणारा कोणी समोर आला म्हणजे ते येते. फारसी कवी शेख सादी यांनी तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘गुलिस्ताँ’मध्ये असाच एक प्रसंग सांगितला आहे. पायात घालावयास जोडा नाही म्हणून ते खिन्न झाले होते. कूफा येथील मशिदीत त्यांना पायच नसलेला एक मनुष्य दिसला आणि त्यांनी ईश्वराचे आभार मानले. कथेचे तात्पर्य आपण सर्व जाणतो. मला मात्र ती आठवली की एक प्रश्न पडतो. त्या पाय नसलेल्या मनुष्याचे पुढे काय झाले? त्याला कथेत एकही वाक्य नाही. सादींचे समाधान झाले, पण त्या बिचाऱ्याने कोणाकडे पाहून समाधान मानावयाचे? तुलनेतून आलेल्या कृतज्ञतेला आपल्याहून दुःखी असा कोणीतरी सतत लागतो, आणि त्याचे दुःख मात्र होते तेथेच राहते.

२६ जानेवारी २००१ च्या सकाळी आपले बडोदेही हादरले होते. कच्छमध्ये भुज, अंजार, भचाऊ, रापर ही गावे उद्ध्वस्त झाली. भुजचे सरकारी रुग्णालयच कोसळले. स्लॅबखाली हातपाय चिरडलेल्या रुग्णांना गुजरातेतील निरनिराळ्या शहरांत हलवावे लागले. असा अवयव फार काळ दबून राहिला म्हणजे मेलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात, आणि जीव वाचविण्यासाठी कधी कधी पाय कापण्यावाचून गत्यंतर उरत नाही. त्या दिवसांत मी पाहिलेल्या रुग्णांत कच्छमधील एक तरुण गवंडी होता. गुडघ्याखाली पाय कापल्यावर काही दिवसांनी तो सांगू लागला की, रात्री पायाची बोटे फार दुखतात. जवळ बसलेले नातलग एकमेकांकडे पाहू लागले. एकाने समजूत घातली, ‘अरे, निदान वाचलास तरी!’

वस्तुतः त्याची वेदना शंभर टक्के खरी होती. अमेरिकेतील यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी एकोणिसाव्या शतकातच नसलेल्या अवयवाच्या या वेदनेचे वर्णन केले आहे. अवयव जातो, परंतु मेंदूतील त्याची जागा पुसली जात नाही. हे त्या तरुणास समजावून सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, ‘साहेब, मी पुन्हा परांचीवर चढेन का?’ इतके दिवस त्याच्या मनात हाच प्रश्न असावा. आमच्या सगळ्यांच्या ‘निदान’मुळे तो विचारावयास त्याला वाव मिळाला नव्हता.

सादींच्या कथेतील त्या मनुष्याला जे उत्तर हवे होते, ते मला जयपूरमध्ये सापडते. १९६८ च्या सुमारास तेथील सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा हे बेताचे शिक्षण झालेले कारागीर यांनी कृत्रिम पावलाचा नव्याने विचार केला. पाश्चात्त्य पद्धतीचे पाऊल तोपर्यंत उपलब्ध होतेच, पण ते बुटात घालावे लागे. त्यावर उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे, चिखलपाण्यातून चालता येत नसे. शेतकरी ते घरी नेत आणि कोपऱ्यात ठेवून देत. आपला रुग्ण जेवावयास कसा बसतो, शौचास कसा बसतो, बांधावरून कसा चालतो, हे या दोघांनी पाहिले आणि त्यातून रबर, स्पंज व लाकूड यांचे ते प्रसिद्ध पाऊल तयार झाले. त्याला जोडा लागत नाही. याच कार्यासाठी डॉ. सेठी यांना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

या कथेत आणखी एक व्यक्ती आहे. सनदी अधिकारी देवेंद्रराज मेहता यांचा १९६९ साली मोटारीचा भीषण अपघात झाला. पाय जाण्याची वेळ आली होती, पण दीर्घ उपचारांनंतर तो वाचला. ‘माझा पाय वाचला’ म्हणून देवापुढे नारळ फोडून ते मोकळे झाले असते, तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. परंतु ज्यांचा पाय वाचला नाही त्यांचा विचार त्यांच्या मनातून गेला नाही. १९७५ मध्ये त्यांनी जयपूर येथे भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. तिने लाखो गरजूंना विनामूल्य कृत्रिम अवयव व इतर साधने दिली आहेत. कृतज्ञतेपासून सहवेदनेपर्यंतचा मार्ग असा असतो.

काही व्यवसायबंधू म्हणतील, प्रत्येक रुग्णाबरोबर डोळे पुसत बसलो तर काम कसे व्हावयाचे? प्रश्न रास्त आहे. सर विल्यम ऑस्लर यांनी १८८९ साली पेनसिल्व्हेनियातील नव्या डॉक्टरांना चित्ताची स्थिरता राखण्याचाच उपदेश केला होता, आणि शस्त्र धरणारा हात थरथरून चालत नाही हे आपण जाणतो. परंतु सहवेदना म्हणजे रडणे नव्हे. डॉ. सेठी आणि रामचंद्रजी रुग्णाच्या जगण्याकडे नीट लक्ष देत होते. तेवढे लक्ष स्थिर चित्तानेच देता येते.

आपल्या परंपरेने देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले. डॉक्टराच्या खाती चौथे रुग्णऋण आहे, असे मला वाटते. आपण शरीररचना शिकलो ती विच्छेदनगृहातील अनोळखी देहांवर, आणि पहिली सुई टोचली ती सरकारी वॉर्डातील कोणा गरिबाच्या दंडात. तेव्हा दुःखितास पाहून ‘मी तुझ्यासारखा नाही’ म्हणून आभार मानण्याऐवजी ‘तुझ्यामुळे मी आज येथे आहे’ म्हणून आभार मानणे अधिक खरे ठरेल.

म्हणून एक विनंती करतो. पाय कापल्याची नोंद आपल्या दप्तरी असते. तो रुग्ण कृत्रिम पाय लावून कामावर परतला की नाही, याची बहुधा नसते. आपल्या मंडळाने अशा रुग्णांची एक वही ठेवावी. डॉक्टर सभासदांनी त्यात रुग्णाच्या संमतीने नाव घालावे आणि इतर सभासदांनी वर्षातून दोनदा त्याच्याकडे जाऊन यावे. बिगरडॉक्टर मंडळींना येथे भरपूर काम आहे. जाताना सोबत फळे नेली नाहीत तरी चालेल. ‘निदान’ हा शब्द मात्र घरी ठेवून जावे, आणि ‘आता काय अडते आहे?’ एवढे विचारून उत्तर पूर्ण ऐकून घ्यावे.