रायफल कोणाची, यापेक्षा नळी कोणाची?

काही वर्षांपूर्वी ईशान्येकडील एका पलटणीच्या शस्त्रागारात मी एक अख्खी दुपार घालवली. गेलो होतो दुसऱ्याच विषयाच्या बातमीसाठी. पण पाऊस थांबेना, म्हणून आर्मररचे काम पाहत बसलो. त्याने एका इन्सास रायफलीचे भाग सुटे करून घोंगडीवर मांडले होते आणि एकेक भाग पुसून बाजूला ठेवत होता. यातला सर्वांत महत्त्वाचा भाग कोणता, असे मी विचारले. तो नळीकडे बोट दाखवील अशी माझी अपेक्षा होती. त्याने मॅगझिन उचलले. ‘‘साहेब, रायफल अडते ती बहुतेक वेळा इथे,’’ एवढेच बोलून तो पुन्हा कामाला लागला.

भारतीय जवानाच्या रायफलीवर दिल्लीत चर्चा निघते तेव्हा मला ती घोंगडी आठवते. कारण या चर्चेत प्रश्न नेहमी एकच असतो : रायफल कोणत्या देशाची? अमेरिकी, रशियन की स्वदेशी? रायफल ही जणू एकसंध वस्तू आहे, असे गृहीत धरून आपण गेली तीस वर्षे वाद घालत आहोत. वास्तविक रायफल म्हणजे नळी, बोल्ट, स्प्रिंग, चापाची यंत्रणा, मॅगझिन आणि दस्ता यांचा संच. त्यातला सर्वांत कच्चा भाग जितका टिकेल तितकीच ती रायफल टिकते.

इन्सासचाच इतिहास पाहा. पुण्याच्या पाषाण येथील ‘एआरडीई’ या संशोधन संस्थेत तिचे आरेखन झाले. १९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर ती पहिल्यांदा मोठ्या लढाईत उतरली आणि तिथल्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनना तडे गेल्याच्या तक्रारी आल्या. गोळीबार करताना तेल डोळ्यांत उडते, ही दुसरी तक्रार. नेपाळच्या लष्करानेही २००५ मध्ये माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर या रायफलीविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. आरेखन मुळातून फसले होते, असे मला वाटत नाही. तिची मूळ यंत्रणा कलाश्निकोव्हच्या वळणाची, म्हणजे जगात सर्वाधिक कसोटीला उतरलेली. अपयश आले ते भागांच्या दर्जात, आणि त्यातही सर्वांत स्वस्त भागात.

यावर आपण काय केले? आणखी गुंतागुंतीची रायफल मागितली. नळी बदलून ५.५६ आणि ७.६२ अशा दोन्ही काडतुसांचा मारा करू शकेल, अशा रायफलीसाठी २०११ मध्ये निविदा काढली आणि २०१५ मध्ये ती रद्द केली. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्याने ७.६२×५१ मिमीची रायफल पुढे केली. २०१७ मध्ये लष्कराने चाचणीनंतर तीही नाकारली. त्या वेळी नोंदवलेल्या दोषांत मॅगझिनची रचना पुन्हा करावी लागेल, हा मुद्दा होता. कारगिलला १८ वर्षे लोटली होती.

मग तातडीची खरेदी आली. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग ७१६ रायफली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३,०००. दरम्यान डिसेंबर २०२१ मध्ये अमेठीजवळच्या कोरवा येथे बनणाऱ्या ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा करार झाला. परिणाम असा, की आज आपल्या पायदळाला ५.५६×४५, ७.६२×५१ आणि ७.६२×३९ अशी तीन प्रकारची काडतुसे पोहोचवावी लागतात. पुरवठा विभागातल्या अधिकाऱ्यांसमोर हा विषय काढला, की ते फक्त हसतात.

सिग ७१६ चा वंश अमेरिकी आहे. १९५० च्या दशकात युजीन स्टोनर यांनी आर्मालाइट या कंपनीत ॲल्युमिनियमचा सांगाडा वापरून जी हलकी रायफल घडवली, तिच्यापासून हे घराणे निघाले. त्याची खरी ताकद मात्र वजनात नाही. भागांची मापे इतकी रूढ झाली, की नळी एका कारखान्याची, चापाची यंत्रणा दुसऱ्याची आणि मॅगझिन तिसऱ्याचे असूनही ते परस्परांत बसते. अमेरिकेत सामान्य नागरिकही सुटे भाग निवडून अर्धस्वयंचलित रायफल जुळवतो. त्याचे सामाजिक दुष्परिणाम तो देश भोगतो आहे आणि आपल्याकडे तसे होऊ नये, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु त्या बाजारातून भागांचा एक उद्योग उभा राहिला. केवळ नळ्या किंवा केवळ स्प्रिंगा बनवणारा कारखाना तिथे आपल्या नावावर जगतो. त्याचा माल निकृष्ट निघाला तर तो उघडा पडतो. आपल्याकडे असा कारखाना असलाच तर तो मुख्य उत्पादकाच्या छायेत राहतो.

हलकी आणि अचूक या दोन मागण्या लष्कर एका दमात करते. त्या परस्परांना छेद देतात. नळी बारीक केली तर वजन घटते. पण सलग गोळीबारात ती लवकर तापते आणि गोळ्या विखुरतात. नळीला आतून क्रोमचा मुलामा दिला तर आसाम-अरुणाचलच्या दमट हवेत गंजापासून संरक्षण मिळते. पण मुलामा एकसारखा बसला नाही तर अचूकतेला बाधा येते. हँडगार्ड नळीला टेकलेला असेल, तर जवानाच्या हाताच्या दाबानेही नेम सरकतो. आणि काडतुसाचे काय? ७.६२×५१ चे एक काडतूस साधारण २४ ग्रॅमचे, ५.५६ चे त्याच्या निम्मे. शंभर काडतुसांमागे सव्वा किलोचा फरक पडतो. रायफलीतून दोनशे ग्रॅम कमी केल्याचा आनंद त्या ओझ्यापुढे कितीसा टिकणार? १५,००० फुटांवर चढणाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही.

इतर देशही या वाटेवर अडखळले आहेत. एम-१६ व्हिएतनाममध्ये उतरली तेव्हा काडतुसातील दारू बदलण्यात आली होती, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना साफसफाईचे साहित्यही पुरेसे दिले नव्हते. रायफली अडकल्या, माणसे मेली. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीने त्याची उघड चौकशी केली. पुढे मुलामा आला, दारूत बदल झाला आणि तीच रायफल भरवशाची ठरली. ब्रिटनची एसए-८० तर सैनिकांच्या थट्टेचा विषय होती. ती भंगारात न काढता ब्रिटनने हेकलर अँड कॉख या कंपनीकडून तिचा बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर, मॅगझिन असे दोषी भाग बदलून घेतले. सुधारित आवृत्ती पुढे अफगाणिस्तानात वापरली गेली.

दोन्ही ठिकाणी दोष कोणत्या भागात आहे हे आधी शोधले गेले आणि अमेरिकेत तर ते संसदेसमोर नोंदवले गेले. आपल्याकडे इन्सासच्या बिघाडांची भागनिहाय नोंद कधी सार्वजनिक झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. याचे एक कारण रचनेत आहे. आयुध कारखाने आणि त्यांच्या मालाची तपासणी करणारे गुणवत्ता महासंचालनालय, दोघेही दीर्घकाळ एकाच संरक्षण उत्पादन विभागाच्या अखत्यारीत राहिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. तपासणी यंत्रणेचे पालकत्व मात्र बदलले नाही. परीक्षक आणि परीक्षार्थी एकाच घरचे असले, की गुणपत्रिका घरातच राहते.

निराश व्हावे अशी स्थिती नाही. ‘एआरडीई’ने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसह बनवलेली ‘उग्रम’ ही ७.६२×५१ ची रायफल जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सादर झाली. तिचे वजन चार किलोच्या आत आहे. दीर्घकाळ रखडलेल्या कार्बाइनच्या शोधातही याच संस्थेचे आरेखन आणि भारत फोर्जचे उत्पादन पुढे आले. धातू घडवण्याचे पुणे परिसराचे कौशल्य जुने आहे. मोटारीच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट जगाला पुरवणाऱ्या शहराला नळी आणि बोल्ट अवघड नाही.

म्हणून यापुढच्या करारात स्वदेशीकरणाची टक्केवारी वाचून मी थांबणार नाही. टक्केवारीत दस्ता आणि पट्टाही मोजला जातो. नळीचे पोलाद कुठले, बोल्ट किती हजार फेऱ्यांनंतर बदलायचा, उणे तापमानात मॅगझिनची चाचणी कोणी घेतली, त्या चाचणीचा अहवाल संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला मिळतो का, हे विचारावे लागेल. कोरव्यातून बाहेर पडणाऱ्या सहा लाख रायफलींपैकी बऱ्याच अजून बनायच्या आहेत. हे प्रश्न तिथेही आजच लागू करता येतात.