कोरडा दिवस कुणी पाळायचा?

पावसाळा लागला की वस्तीत भोंग्याची रिक्षा येते. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा, डेंग्यू टाळा. भोंगा खोटं बोलत नाही. डेंग्यूचा डास, एडिस इजिप्ती, गटारापेक्षा साठवलेलं निवळ पाणी पसंत करतो. ड्रम, रांजण, कुलर, फुटका टायर, कशातही मादी पाण्याच्या काठाला अंडी चिकटवते. अंडं, अळी, कोष, डास, आपल्याकडच्या उबदार हवेत या सगळ्याला आठ-दहा दिवस पुरतात. सातव्या दिवशी भांडं पालथं घातलं की पुढची पिढी तिथंच मेली. हिशेब साफ आहे.

आता हाच हिशेब घेऊन 2018च्या उन्हाळ्यातल्या यवतमाळ शहरात जा. निळोणा आणि चापडोह या दोन धरणांवर तेव्हा हे शहर पाणी पीत होतं. आदल्या वर्षीच्या पावसानं दगा दिला आणि दोन्ही धरणं तळाला गेली. पंधरवडा-पंधरवडा नळाला पाणी नव्हतं. टँकर दिसला की बाया-पोरं ड्रम घेऊन धावत होती. बेंबळा प्रकल्पाचं पाणी शहरात आणायची योजना कागदावर होती, पाईपात नव्हती. ज्याच्याकडे बोअर होता, छतावर झाकणाची टाकी होती, टँकर विकत घ्यायला पैसे होते, त्याचं निभलं. बाकीच्यांनी मिळेल त्यात पाणी भरलं, भरून ठेवलं, पंधरा दिवस राखलं.

त्या बाईला सांगा, सातव्या दिवशी ड्रम ओत. ती म्हणेल, "काऊन वतू? मंग लेकरायले का पाजू?"

यावर भोंग्याकडे उत्तर नाही. डास आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि नळ पंधरा दिवसांनी येतो. म्हणजे डेंग्यूचा कारखाना कुणी उघडला? त्या बाईनं? की नळाच्या वेळापत्रकानं? दुष्काळ आणि डेंग्यू यांचं नातं आपल्याला उलटं वाटतं. पाणी नाही तर डास कुठून, असं आपण म्हणतो. पण हा डास पावसाच्या डबक्यावर अवलंबून नाही. पाणी जितकं कमी, तितका साठा जास्त, तितकी त्याची सोय. शिवाय त्याची अंडी भांड्याच्या कडेला सुकून महिनोन् महिने जिवंत राहतात, पाणी चढलं की फुटतात. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, कड घासावी लागते. विदर्भात आणखी एक भानगड आहे, कुलरची. एप्रिल-मेमध्ये जीव वाचवायला लावलेला कुलर जुलैत पाण्यासकट तसाच खिडकीत उभा असतो. तो मात्र आपला दोष आहे, तो आपणच धुवायचा.

हा डास फार उडत नाही. ज्या गल्लीत जन्मला त्याच गल्लीत बहुधा मरतो. हवा गरम असली की त्याच्या पोटात विषाणू लवकर पिकतो. म्हणजे घरं चिकटून, पत्रा तापलेला, दारोदारी ड्रम, अशा गल्लीत एकाला ताप आला की शेजारच्या दहा घरांची पाळी लागते. एक डॉक्टर मित्र म्हणाला, डास जात विचारत नाही. खरंय. डासाला जात नसते. पण गल्ली कुणाची, ड्रम कुणाच्या दारात आणि नळ कुणाच्या घरात, हे ज्यानं ठरवलं त्याला जात विचारता येत होती.

मग कुणीतरी दगावतं आणि धूरफवारणीचं मशीन येतं. पांढरा धूर गल्लीभर पसरतो, पोरं मागं धावतात, नगरसेवक फोटो काढून घेतो. धुरानं मरतो तो हवेत उडणारा डास. ड्रममधली अळी शाबूत राहते. आणि एडिस बसतो घरात, खाटेखाली, खुंटीवरच्या कपड्यांत, चावतो दिवसा. गल्लीतला संध्याकाळचा धूर त्याच्यापर्यंत फारसा पोचतच नाही.

हे जगाला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. पनामाचा कालवा खणताना फ्रेंचांचे हजारो मजूर पिवळ्या तापानं आणि मलेरियानं मेले, काम बंद पडलं. पिवळा ताप आणणारा डास हाच, एडिस इजिप्ती. 1904 पासून अमेरिकन तिथं उतरले. त्यांनी घरोघर धुरी दिली, पिंपांवर जाळ्या लावल्या, दंड केले. पण त्याबरोबर पनामा आणि कोलोन या शहरांना नळ दिले, गटारं दिली. पिंप भरून ठेवायची गरजच कमी केली. दोन-तीन वर्षांत पिवळा ताप गेला. माणुसकी उतू गेली म्हणून हे केलं असं समजू नका. कालवा हवा होता, मजूर मरून चालणार नव्हते. त्यातही वेस्ट इंडीजच्या काळ्या मजुरांच्या बराकी वेगळ्या, दाटीवाटीच्या होत्या. तिथं न्यूमोनियानं माणसं मरत राहिली. तरी एवढं दिसतं की सत्तेला गरज वाटली की ती दंडाच्या पावतीबरोबर नळही देते. आमच्या मरण्यानं कुणाचा कालवा अडतो?

जिल्ह्याच्या खेड्यात रोग बदलतात, गोष्ट तीच राहते. चांदीपुरा नावाचा विषाणू 1965 साली नागपुरात सापडला आणि तिथल्याच जागेचं नाव त्याला मिळालं. पोरांचा मेंदू सुजवतो, एक-दोन दिवसांत पोर हातचं जातं. तो पसरवते वाळूमाशी, डासाहून लहान. ती राहते मातीच्या भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात. भेगा बुजवा, असं पत्रक सांगतं. भेगा कुणाच्या भिंतीला असतात? कोलामांच्या पोडावरचं घरकुल मंजुरीच्या फायलीत अडकतं, ती फाईल कुठल्या आरोग्य कार्यक्रमात मोजायची? 2018च्याच पावसाळ्यात विदर्भात स्क्रब टायफसनं माणसं मेली. गवतातल्या बारक्या किड्याच्या चाव्यातून येणारा ताप. गवत कापणारी, निंदण करणारी मजूर बाई त्याच्या वाटेत रोज असते. डॉक्सीसायक्लीन नावाची स्वस्त गोळी वेळेवर दिली तर माणूस वाचतो. पण पहिले चार दिवस अंग दुखतंय म्हणून मजुरी बुडवायची सोय तिच्याकडे नसते.

जुलै 2023मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराचा वेढा पडला. हवाई दलाचं हेलिकॉप्टर निघालं, देशभर बातमी झाली. चांगलं झालं. पण पूर ओसरल्यावरची लढाई विहिरीत असते. गढूळ पाण्यात टीसीएल पावडर टाकली तर क्लोरीनचा बराच भाग गाळावरच खर्ची पडतो, जंतूंपर्यंत थोडाच पोचतो. आधी उपसा, मग मात्रा. त्याला हेलिकॉप्टर लागत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, चिखलदऱ्याच्या पाचडोंगरी आणि कोयलारीत, जुलै 2022मध्ये काय झालं आठवा. बिल थकलं म्हणून पाण्याच्या पंपाची वीज तोडली. नळ बंद. लोक उघड्या विहिरीचं पाणी प्याले आणि कॉलऱ्यानं मेले. तिथं जंतू विहिरीत होता की वीजबिलात?

1897 साली तीन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत इंग्रजांनी साथरोग कायदा केला, चार कलमांचा. घरात शिरायचे, माणसं अडवायचे, शिक्षा करायचे अधिकार त्यात भरपूर. लोकांना स्वच्छ पाणी द्यायचं बंधन सरकारवर कुठेच नाही. 10 मार्चला सावित्रीबाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं फणफणलेलं पोर पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात आल्या होत्या, तिथून त्यांना लागण झाली. आणि 20 ऑगस्टला सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला. 2020 साली कोरोना आला तेव्हा सरकारनं बाहेर काढला तो पहिला कागद, चार कलमांचा. दंडुका तेवढा लक्षात राहिला.

बोट नेहमी मरणाऱ्याकडेच जातं. 2017 साली याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं मेले. तो काही साथीचा रोग नव्हता, पण तेव्हाही पहिला प्रश्न हाच आला : मास्क का घातला नव्हता? तुम्ही घाण, तुम्ही अडाणी, तुम्ही झाकण लावत नाही. बाबासाहेब 20 मार्च 1927ला चवदार तळ्याचं पाणी प्याले, तर सनातन्यांनी तळं "शुद्ध" करायला 108 मडकी पंचगव्य त्यात ओतलं. पिण्याच्या पाण्यात शेण आणि मूत! आणि अस्वच्छ कोण, तर आम्ही.

मित्रहो, महाडला पाण्याला हात लावायचा हक्क मिळवला. नळ किती दिवसांनी येणार, हा त्याच हक्काचा पुढचा प्रश्न आहे, आणि तो आपण विचारलेला नाही. जयंतीच्या डीजेची वर्गणी आपल्याला जमते, वस्तीच्या नळाची वही जमत नाही. हे आपल्यालाच सांगतोय, दुसऱ्या कुणाला नाही.

तेव्हा एक शंभर पानी वही घ्या. एका बाजूला लिहा, नळ कोणत्या तारखेला आला, किती वाजता, किती वेळ. दुसऱ्या बाजूला, ताप कुणाच्या घरी, कोणत्या तारखेपासून, रक्त तपासलं का. माणसाचं नाव नको, गल्ली पुरे. ड्रमवर जुन्या साडीचं दुहेरी फडकं घट्ट बांधा, मोठ्या टाक्यात गप्पी मासे सोडा, ते आरोग्य खात्याकडून मागून घ्या, नाही म्हणाले तर ते लेखी मागा. ड्रम रिकामा होईल त्या दिवशी कड घासा. आणि कोरड्या दिवसाची रिक्षा आली की तिला थांबवून विचारा, ओला दिवस कोणता?

तीन महिन्यांच्या वह्या आमच्याकडे पाठवा. तारखा शेजारी-शेजारी मांडून पुढच्या अंकात छापू, आणि तोच अंक घेऊन नगरपालिकेत जाऊ. पानं कमी पडली तर या खेपेला कविता मागे ठेवू. कवी मंडळींनी समजून घ्यावं.