समजून घ्या : ‘व्हेरिफिकेशन’साठी पाठवलेल्या फोटोचे पुढे काय होते?

अंगणवाडीतून घरपोच आहार घ्यायचा तर मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवावा लागतो. पोषण ट्रॅकर ॲपमधील ही पद्धत १ जुलै २०२५ पासून बंधनकारक झाली. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला चेहरा दाखवून मिळतो, पीएम किसानची ई-केवायसीही तशी करता येते. त्यामुळे गेवराई असो की अंबाजोगाई, ‘एक सेल्फी काढून पाठवा’ हे वाक्य आता बीड जिल्ह्यात कुणाला खटकत नाही.

अडचण इथूनच सुरू होते. सरकारी योजनेसाठी लागलेली ही सवय घेऊन आपण अनोळखी ऑनलाइन ग्रुपच्या दारातही उभे राहतो. डेटिंग ॲप असो, प्रौढांचा बंद ग्रुप असो किंवा नग्नतेला नैसर्गिक जीवनशैली मानणाऱ्या ‘न्यूडिस्ट’ मंडळींचा ऑनलाइन समूह असो, प्रवेशाआधी अट असते : आधी फोटो पाठवून ओळख पटवा. ही अट घालणारा कोण, आणि फोटो कुठे जातो, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

असे ग्रुप पडताळणी मागतात कशासाठी?

कारण खरे असू शकते. अल्पवयीन मुले आत येऊ नयेत, दुसऱ्याचे फोटो चोरून बनावट खाते कुणी उघडू नये, महिला सदस्यांना त्रास होऊ नये, यासाठी चांगले चालवलेले समूह पडताळणी करतात. पडताळणीच नसलेला ग्रुप सुरक्षित असतो, असेही नाही.

नग्नतेवरची चर्चा मराठीला नवी नाही. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ या काळात निघत होते. मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत आणि आत वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली होती. त्या काळी अंक वाचायला वाचकाला आपला चेहरा कुठे द्यावा लागत नव्हता. आज द्यावा लागतो.

पडताळणी कशी होते?

साधारण चार प्रकार दिसतात.

१. कागद हातात धरून फोटो : ग्रुपचे नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद धरायचा. फोटो जुना किंवा चोरलेला नाही, एवढे यातून कळते.

२. लाइव्ह सेल्फी : ॲप मान डावीकडे-उजवीकडे वळवायला सांगते. त्यावरून चेहऱ्याचा गणिती नमुना तयार होतो आणि तो प्रोफाइलच्या फोटोशी जुळवला जातो.

३. व्हिडिओ कॉल : ॲडमिन समोरासमोर पाहतो. रेकॉर्डिंग चालू आहे की नाही, हे तुम्हाला दिसत नाही.

४. ओळखपत्र : आधार, पॅन किंवा वाहन परवान्याचा फोटो. यात नाव, जन्मतारीख, अनेकदा पत्ताही जातो.

या चारही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे : पडताळणी एकतर्फी असते. तुम्ही कोण, हे समोरच्याला कळते. समोरचा कोण, हे तुम्हाला कळत नाही.

फोटो फुटतो कसा?

प्रत्येक वेळी हॅकर लागतोच असे नाही. मार्च २०२५ मध्ये उघड झालेले प्रकरण पाहा. खास आवडीनिवडीच्या आणि समलिंगी वापरकर्त्यांसाठीच्या पाच डेटिंग ॲप्सचे सुमारे १५ लाख फोटो इंटरनेटवर पासवर्डशिवाय पडून होते. त्यात खासगी संदेशांतील फोटो होते आणि पडताळणीसाठी दिलेलेही.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेतील ‘टी’ या महिलांच्या ॲपमधून सुमारे ७२ हजार फोटो फुटले. त्यातील सुमारे १३ हजार फोटो पडताळणीच्या सेल्फी आणि ओळखपत्रांचे होते. पडताळणी झाली की सेल्फी पुसली जाते, असे ॲप सांगत होते. प्रत्यक्षात जुन्या साठ्यात ते तसेच राहिले होते.

न्यूडिस्ट समूहात हा धोका दुप्पट होतो. एरवी चेहरा फुटला तर फक्त चेहरा फुटतो. इथे चेहरा, नाव आणि नग्न फोटो एकाच खात्याला जोडलेले असतात. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा बदलता येत नाही. शिवाय बीड किंवा परळीसारख्या ठिकाणी आडनावावरून गाव आणि गावावरून घर सापडते. बदनामीला देशभर जायची गरज नसते, भावकीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो.

खंडणीखोर नेमका याच भीतीवर धंदा करतात. २०२२ मध्ये पुण्यात अशा ब्लॅकमेलिंगला कंटाळून दोन तरुणांनी जीवन संपवले होते. तपासाचा माग राजस्थानातील अलवर जिल्ह्यापर्यंत गेला.

कायदा कुणाच्या बाजूने?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचा फोटो काढणे, पाठवणे किंवा प्रसिद्ध करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई नुसार गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. हे कलम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू होते. महिलांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ आणखी स्पष्ट आहे : फोटो काढू देण्यास संमती होती, म्हणजे तो पसरवण्यासही होती, असे मानता येत नाही.

पण दुसरी बाजूही माहीत हवी. स्वतःचाच फोटो आहे म्हणून अश्लीलतेचा कायदा आपोआप बाजूला होत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मिलिंद सोमण यांनी समुद्रकिनाऱ्यावर विवस्त्र धावतानाचा स्वतःचा फोटो टाकला, तेव्हा दक्षिण गोव्यात कोलवा पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवला होता. केवळ नग्न आहे म्हणून चित्र अश्लील ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अविक सरकार खटल्यात म्हटले आहे. तरी प्रत्येक प्रकरण संदर्भावर ठरते. ‘आपणच अडकू’ या भीतीने फसवलेला माणूस पोलिसांकडे जात नाही, आणि ब्लॅकमेल करणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. फोटोत १८ वर्षांखालील व्यक्ती असेल, तर मात्र कुठलीही सबब चालत नाही. असा लैंगिक मजकूर शोधणे किंवा डाउनलोड करणे हाही गुन्हा आहे.

डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. माहिती पुसायला लावण्याचा हक्क त्यात आहे, माहिती सुरक्षित न ठेवणाऱ्यांना २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. मात्र कंपन्यांवरची मुख्य बंधने नियम आल्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. आणि ज्या ग्रुपमागे कंपनी नाही, नोंदणी नाही, पत्ता नाही, त्याला नोटीस पाठवायची कुठे, हा प्रश्न उरतोच.

फोटो मागितला तर काय करावे?

• आधार पाठवू नका. ‘मास्क्ड’ आधारमध्ये क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात, पण नाव आणि फोटो तसाच राहतो.

• चेहरा आणि उघडे शरीर एका फोटोत कधीही देऊ नका. खरा ॲडमिन पडताळणीसाठी नग्न फोटो मागत नाही. मागितला, तर तिथूनच परत फिरा.

• कागदावर खरे नाव लिहू नका. ग्रुपमधले टोपणनाव, तारीख आणि ‘फक्त पडताळणीसाठी’ एवढे पुरे.

• मागे घराची पाटी, गाडीचा नंबर, कॉलेजचे ओळखपत्र दिसत नाही ना, ते पाहा. कॅमेऱ्याचे लोकेशन बंद ठेवा. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला, तर ठिकाणाची माहिती सोबत जाऊ शकते.

• आधी विचारा : फोटो कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, कधी पुसणार? उत्तर टाळले, तर तेच उत्तर समजा.

धमकी आलीच तर?

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, नंबर, यूपीआय आयडी, लिंक जपून ठेवा, मगच ब्लॉक करा. १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, अथवा बीडच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. महिलांना अशी तक्रार पोर्टलवर नाव न देताही करता येते.

फोटो सोशल मीडियावर आला असेल, तर त्या कंपनीकडे थेट तक्रार करा. असा फोटो हटवण्यासाठी कंपनीला दोन तासांपेक्षा जास्त वेळ घेता येत नाही. ‘स्टॉप एनसीआयआय’ ही मोफत सेवा १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी आहे. फोटो तुमच्या मोबाइलमध्येच राहतो, फक्त त्याचा डिजिटल ठसा कंपन्यांकडे जातो आणि सहभागी प्लॅटफॉर्मवर तो फोटो रोखता येतो. १८ वर्षांखालील मुलांसाठी ‘टेक इट डाउन’ ही अशीच सेवा आहे.

आणि घरात कुणी अचानक गप्प झाले, मोबाइल वाजला की दचकू लागले, तर ‘असा फोटो काढलाच कशाला’ हा प्रश्न आधी विचारू नका. आधी सोबत बसा. मन मोकळे करायला टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो.