विचारायचे राहून गेले

देशाटनाची थोरवी सांगणारे वचन आपण सर्वांनी शाळेत पाठ केले आहे. मात्र हे देशाटन पंधरा-पंधरा मिनिटांच्या थांब्यांनी केले तर त्यातून किती शहाणपण येते, याचा खुलासा गुरुजींनी केला नव्हता. गेल्या मे महिन्यात आमच्या घराने तो अनुभव पैसे मोजून घेतला.

बाबा एस. टी.तून निवृत्त झाले. हाती आलेल्या पैशांतून घरावरची कौले बदलायची की आईला एकदा विमानात बसवायचे, यावर घरात महिनाभर खल झाला. अखेर विमान जिंकले. आई, बाबा, दादा आणि मी असे चौघे एका सहलीबरोबर सिंगापूरला निघालो. खांबच्या नाक्यावर निरोप द्यायला अर्धी आळी लोटली होती.

सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. सकाळी साडेसहाला दारावर थाप पडली, तेव्हा आई म्हणाली, "आपल्याकडे अजून कोंबडासुद्धा आरवला नसेल!" मग दिवसभर एकच धावपळ. सिंहाचे तोंड आणि माशाचे शेपूट असलेला तो प्रसिद्ध पुतळा पंधरा मिनिटांत उरकला. हा प्राणी पुराणातला नव्हे. 1964 साली तिथल्या पर्यटन मंडळाने बोधचिन्ह म्हणून तो योजला आणि 1972 मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला, हे मला घरी आल्यावर कळले. आई पाण्याकडे पाहत होती आणि दादा फोटोसाठी तिला पुन्हा पुन्हा वळवून उभी करत होता. मग नदीतली नावेची फेरी, जेवण, दुपारी सेंटोसा बेट, रात्री दिव्यांनी उजळलेली ती लोखंडी झाडे. खोलीवर परतल्यावर मी आईला विचारले, "काय आवडले?" ती म्हणाली, "सगळेच छान होते रे. पण कुठले कुठे, ते आता विचारू नकोस."

यावरून सहलवाल्यांना झोडपून काढणे सोपे आहे. मी तसे करणार नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही, परक्या विमानतळावरचा कागद भरता येत नाही, अशा माझ्या आईबाबांना मराठी बोलणारा सोबती आणि रात्रीचा वरणभात नसता, तर समुद्र ओलांडण्याचे धाडस झालेच नसते. पंढरीची वाटसुद्धा आपण दिंडीनेच चालतो. दोष समूहाने जाण्यात नाही. तो आहे स्थळे मोजण्यात. आणि ही मोजणी सहलवाला आपल्यावर लादत नाही. "त्यांच्यात अकरा, यांच्यात आठच" असा हिशेब करून ती आपणच मागून घेतो.

त्या नावेत घडलेला एक प्रसंग मला विसरता येत नाही. बाबा लहानपणी कुंडलिकेत पोहलेले. रोह्याखाली, खाडीच्या अंगाला, त्या नदीचे आज काय झाले आहे ते आपण जाणतोच. सिंगापूर नदीचे पाणी बराच वेळ निरखून त्यांनी विचारले, "साहेब, एवढ्या मोठ्या शहरात ही नदी एवढी स्वच्छ ठेवली कशी हो?" उत्तर आले, "काका, संध्याकाळी सांगतो. आता उतरा, पुढची तिकिटे साडेतीनची आहेत." ती संध्याकाळ आलीच नाही. दिवसभरात आम्हा चौघांपैकी कोणाला सुचलेला हा एकच खरा प्रश्न, आणि तोच नावेत राहिला.

उत्तर मी इथे येऊन शोधले. एकेकाळी ती नदीही घाणीने काळवंडली होती. 1977 साली पंतप्रधान ली क्वान यू यांनी दहा वर्षांची मुदत घातली आणि 1987 पर्यंत ती साफ झाली. त्यासाठी काठच्या झोपड्या हलल्या, डुकरे आणि बदके पाळणाऱ्यांचे धंदे बंद झाले, रस्त्यावरचे विक्रेते मंडयांत गेले, मालाचे पडाव दुसरीकडे गेले. म्हणजे त्या स्वच्छ पाण्याची किंमतही कोणीतरी मोजली आहे. ती कोणी मोजली, हे पंधरा मिनिटांच्या थांब्यात दिसत नाही.

मित्रहो, आता आपल्या दाराशी पाहा. खांबपासून जवळच्या कोलाडला मुंबई-पुण्याच्या गाड्या येतात. पाहुणे रबरी तराफ्यातून कुंडलिकेत उड्या घेतात, जेवतात आणि परततात. ज्या पाण्यावर ते तरंगतात ते भिऱ्याच्या वीजघरातून सुटलेले, मुळशीच्या धरणातले आहे. त्या धरणाखाली जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी 1921 मध्ये सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले. हे कोणी पाहुणा विचारत नाही. त्यांच्या लेखी आपणही एक थांबाच!

आपल्याच भागातले, पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवायला 1857 साली उत्तरेकडे निघाले. वाटेत बंड पेटले, झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. जवळ छायाचित्र एकही नव्हते. तरी वर्षांनंतर त्यांनी सारे लिहून काढले आणि 1907 मध्ये छापून आलेला 'माझा प्रवास' आज आपण अभ्यासतो.

सर्वांनी ग्रंथ लिहावेत असे माझे म्हणणे नाही. सहलीला जरूर जावे. फक्त दोन स्थळे कमी घेऊन एक तास मोकळा मागावा आणि एखादा प्रश्न घरूनच बरोबर न्यावा. बाबा अजून कधीकधी म्हणतात, "ते नदीचे राहिलेच बघ." मी त्यांना सिंगापूरचे उत्तर सांगितले आहे. कुंडलिकेचे विचारतात, तेव्हा मात्र मला गप्प बसावे लागते.