बेल्ट तुटला म्हणजे इंजिन गेलं, हे कुणी ठरवलं?

आज पिकाचं नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीचं लिहितोय. पानावर डाग दिसला की आपण फोटो काढतो, चार जणांना विचारतो, सल्लागाराला बांधावर बोलावतो. रोग ओळखल्याशिवाय औषध मारू नका, असं एकमेकांना सांगतो. आणि भरलेली गाडी रस्त्यात बंद पडली की मात्र मिस्त्री म्हणेल त्याला मान डोलावतो. तपासणी नाही, काही नाही, थेट "इंजिन बदला".

आमच्या जुन्नरच्या पट्ट्यात टोमॅटो, कांदा, कोथिंबीर घेऊन छोटे टेम्पो आणि जुन्या मारुती व्हॅन नारायणगाव, ओतूर, आळेफाट्याला रोज पळतात. काही रात्रीचा माळशेज उतरून कल्याण, वाशी गाठतात. हंगामात एकदा तरी कुणाचा तरी फोन येतोच, "बेल्ट तुटला." पुढचं वाक्यही ठरलेलं, "इंजिन बसलंय म्हणतोय, जुनं इंजिन टाकू म्हणतोय."

अशा वेळी पहिला प्रश्न एकच विचारायचा. कुठला बेल्ट?

आपली अडचण अशी आहे की आपण इंजिन शिकलो ट्रॅक्टरवर. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये क्रँक आणि कॅम एकमेकांना गिअरने जोडलेले असतात. बेल्ट असतो तो फक्त बाहेरचा, पंख्याचा. तो तुटला की ट्रॅक्टर बांधाला लावायचा, नवा चढवायचा, परत नांगराला. त्यामुळे बेल्ट म्हणजे किरकोळ काम असं डोक्यात बसलंय. व्हॅन आणि छोट्या टेम्पोच्या बऱ्याच इंजिनांना दोन बेल्ट असतात. बाहेरचा अल्टरनेटर आणि बऱ्याचदा पाण्याचा पंप फिरवतो. आतला, झाकणामागचा टायमिंग बेल्ट कॅम फिरवतो, म्हणजे व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे ते त्याच्या हातात. ओम्नीच्या 796 सीसी इंजिनात दोन्ही आहेत, पाण्याचा पंप बाहेरच्यावर आणि कॅम आतल्यावर. काही गाड्यांत पाण्याचा पंपही टायमिंग बेल्टवरच चालतो, काहींना बेल्टऐवजी चेन असते. आपल्या गाडीला काय आहे हे गाडी चालू असतानाच विचारून ठेवलेलं बरं.

दोन्हीची लक्षणं वेगळी आहेत. बाहेरचा तुटला तर इंजिन चालू राहतं. डॅशबोर्डवर बॅटरीचा दिवा लागतो आणि थोड्या वेळात गरमीचा काटा चढू लागतो. आतला तुटला तर इंजिन एका क्षणात बंद. मग सेल्फ मारला की नेहमीचा दणका नसतो, मोकळं चाक फिरावं तसा हलका आणि भरभर आवाज येतो. हा आवाज आला की हात किल्लीवरून काढायचा. परत सेल्फ नाही, आणि चार पोरं बोलावून धक्का तर अजिबात नाही. गाडी ओढून न्यायची ती न्यूट्रलमध्ये. गिअरमध्ये ओढली तर चाकं इंजिन फिरवतात, आणि आधी नुसता वाकलेला व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर पडतो. मग खरंच इंजिन जातं.

बाहेरचा बेल्ट तुटल्यावर जे नुकसान होतं त्यातलं बरंचसं बेल्ट करत नाही, पुढचे पाच-दहा किलोमीटर करतात. सकाळचा लिलाव गाठायचा असतो, माल नाजूक असतो, ड्रायव्हर म्हणतो हळूहळू नेतो. पंप बंद म्हणजे पाणी फिरत नाही. हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते तापून वेडंवाकडं होतं. त्यात एक फसवी गोष्ट बघा. पाणी उकळून संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि चढलेला काटा खाली येऊ शकतो. ड्रायव्हरला वाटतं गाडी निवळली. तापलेल्या इंजिनाचा काटा अचानक खाली येणं हे मला काटा वर जाण्यापेक्षा वाईट वाटतं. अशा गाडीचं टोपण लगेच उघडू नका, वाफेने तोंड भाजतं. आणि थंड पाणी ओतून हेड तडकवू नका. बंद करा, गार होऊ द्या, माल दुसऱ्या गाडीत भरा. दुसऱ्या गाडीचं भाडं द्यायला जीवावर येतं, पण ते हेडपेक्षा स्वस्तच पडतं.

गार झाल्यावर तपासायचं. क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरतं का? तापलेलं असताना जाम वाटलेलं इंजिन गार झाल्यावर कधीकधी मोकळं फिरतं, तेव्हा रस्त्यावरच "जाम झालं" असं ठरवू नये. ऑइलची पट्टी काढून बघा. तेल दुधाळ, चहाच्या रंगाचं झालं असेल तर पाणी तेलात गेलंय. हाताने फिरवल्यावर अडकत नसेल आणि तेल स्वच्छ असेल, तरच नवा बेल्ट आणि पाणी घालून थोडा वेळ सुरू करायचं. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील किंवा सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर गॅसकिट गेलंय किंवा हेड वाकलंय. हेड उतरवल्यावर त्यावर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजने फट मोजायला सांगा. झेरॉक्सचा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो, आणि बऱ्याच छोट्या हेडला त्याहूनही कमी वाक चालतो. नुसत्या डोळ्याने बघून "सरळ आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. तसंच न मोजता सरसकट फेसिंग मारणाऱ्यावरही ठेवू नका. बऱ्याच डिझेल हेडला फेसिंग चालतच नाही, कारण हेड घासलं की व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतात.

आता मधला प्रकार, जो फार कमी जण बघतात. बाहेरचा बेल्ट सरळ तुटत नाही, आधी त्याच्या दोऱ्या सुटतात. त्या दोऱ्या क्रँकच्या पुलीमागे गुंडाळल्या जातात आणि टायमिंगचं झाकण फुटकं किंवा ढिलं असेल तर आत शिरतात. मग आतला बेल्ट एखादा दात सरकतो किंवा तोही तुटतो. म्हणून बाहेरचा बेल्ट चिंध्या होऊन तुटला असेल तर नवा चढवून लगेच सेल्फ मारायचा नाही. पुली आणि झाकण काढून आत नजर टाकायची. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. आणि बेल्ट का तुटला तेही शोधायचं. बेल्ट नसताना एकेक पुली हाताने फिरवून बघा. अल्टरनेटरचं बेअरिंग खरखरतंय का, टेन्शनर जाम आहे का, पुल्या एका रेषेत आहेत का, कुठून तेल गळतंय का. कारण तसंच ठेवलं तर नवा बेल्टही तिकडेच जाणार.

टायमिंग बेल्ट चालू इंजिनात तुटला तर? 2,000 आरपीएमवर क्रँक सेकंदाला 33 वेळा फिरतो. कॅम थांबला, काही व्हॉल्व्ह उघडेच राहिले, आणि खालून पिस्टन येतोय. काही पेट्रोल इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते, तिथे फक्त नवा बेल्ट टाकून भागतं. डिझेलमध्ये ती आशा फार धरू नये. पेट्रोल इंजिन साधारण 8 ते 11 पट दाब करतं, डिझेल 16 ते 22 पट, त्यामुळे पिस्टन वर आल्यावर वर जागाच उरत नाही. व्हॉल्व्ह वाकतात. पण किती वाकले, कुठल्या सिलिंडरचे, पिस्टनला किती लागलं, हे बाहेरून उभं राहून कुणालाही सांगता येत नाही.

इथे एक सोपी चाचणी आहे, आणि माझा आग्रह तिच्यासाठीच आहे. नवा बेल्ट खुणांवर बसवायचा आणि पान्याने हळूहळू पूर्ण दोन फेऱ्या फिरवायच्या. कुठे घट्ट लागलं तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही. फिरलं तर एकेका सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणायचा, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात. मग प्लगच्या, डिझेलला हीटर प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या भोकातून हवा सोडायची. कॉम्प्रेसर पंक्चरवाल्याकडे असतो, आणि जुन्या प्लगमधली चिनी माती काढून त्याला हवेचा नोझल लेथवाला बसवून देतो. हवा सोडताना पिस्टन खाली ढकलला जातो आणि इंजिन फिरू शकतं. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, हात आणि पाना पुलीपासून लांब. आता कान लावा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकला. एअर फिल्टरकडून आली तर इनटेकचा. तेल भरायच्या तोंडातून जोरात आली तर पिस्टन किंवा रिंग, थोडी हवा तिथून चांगल्या इंजिनातही येते. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅसकिट किंवा तडकलेलं हेड.

शेजारच्या गावातला एक दोन सिलिंडरचा डिझेल टेम्पो. तालुक्याच्या एका गॅरेजने न उघडताच जुन्या इंजिनाचा भाव सांगितला होता. दुसऱ्या मिस्त्रीने हवा मारून बघितली. एका सिलिंडरने हवा धरली, दुसऱ्याची सायलेन्सरमधून गेली. हेड उतरवलं, एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकलेला, पिस्टनच्या माथ्यावर चंद्रकोरीसारखा हलका ठसा, तडा नाही. दोन्ही पिस्टन एकाच उंचीपर्यंत येतात का ते मोजलं, म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकला नाही याची खात्री झाली. काम हेडवर भागलं.

हेड उतरलंच तर डोळ्याला वाकडा दिसतो तेवढाच व्हॉल्व्ह बदलून गप्प बसू नका. सगळे व्हॉल्व्ह लेथवाल्याकडे फिरवून बघायचे, गाइड बघायचे, नव्या व्हॉल्व्हचं लॅपिंग करायचं. मग पोर्टमध्ये रॉकेल किंवा डिझेल ओतून खाली झिरपतंय का ते समोर बघायचं. डिझेलचं गॅसकिट बऱ्याच इंजिनांत जाडीप्रमाणे मिळतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात, जुन्याच खुणेचं घ्यायचं. हेडचे बोल्ट टॉर्क पान्यानेच, "हाताचा अंदाज आहे" हे उत्तर तिथे चालत नाही.

गॅरेजवाले सगळे लुबाडतात असं मी म्हणत नाही. हंगामात त्यांच्या दारात दहा गाड्या उभ्या असतात, हेडचं काम तीन-चार दिवस खातं, इंजिन बदलणं पटकन होतं आणि गाडीमालकही घाईत असतो. आणि कधीकधी बदलणं हेच बरोबर असतं. रॉड वाकला, बोअरला ओरखडे पडले, ब्लॉक फुटला, तर बदला. पण मग त्या जुन्या इंजिनातला टायमिंग बेल्टही तेवढाच जुना आहे हे लक्षात घ्या, गाडीत चढवायच्या आधीच नवा टाका. इंजिन नंबर आरसीवर असतो, तो बदलला की आरटीओकडे नोंद करावी लागते. ती राहिली तर उद्या विम्याच्या वेळी किंवा गाडी विकताना अडतं. आणि साध्या वाहन विम्यात असा यांत्रिक बिघाड धरत नाहीत, तेव्हा हा खर्च खिशातूनच जाणार.

बेल्ट कधी बदलायचा ते गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं अशा दोन्ही हिशोबांनी असू शकतं, आणि जे आधी येईल ते धरायचं. आपल्या गाड्या वर्षातले चार महिने उभ्या असतात, कित्येकांचा मीटर बंद असतो, म्हणून किलोमीटर कमी झालेत या समजुतीवर राहू नका, रबर उभ्या गाडीतही कडक होतं. कॅमचं किंवा क्रँकचं सील गळत असेल तर तेलाने बेल्ट मुदतीच्या आधीच फुगतो, म्हणून बेल्टबरोबर सील आणि टेन्शनरही बदलून घ्या. टायमिंगचं झाकण "बोल्ट तुटलाय" म्हणून काढून फेकलेलं असेल तर आधी ते मिळवा, शेतरस्त्याचा फुफाटा आणि खडे थेट बेल्टवर जातात. नवा बेल्ट टाकला की त्या झाकणावरच ऑइल पेंटने महिना आणि वर्ष लिहून ठेवा.